तळ्याकाठी नुसतं बसायचं होतं

डॉक्टरांनी दंडाचा पट्टा सोडला, कागदावर दोन गोळ्यांची नावं लिहिली आणि सहज विचारलं, "करमणुकीला काय करता?"

"बातम्या बघतो," जयतीर्थराव म्हणाले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

खरं तर डॉक्टरांना एवढ्यावरून सगळं कळायला हवं होतं. बीदरच्या ट्रेझरीतून निवृत्त झाल्यापासून जयतीर्थरावांना भांडायला माणूस उरला नव्हता. नोकरीत होते तेव्हा चुकीचं बिल घेऊन रोज कुणीतरी यायचं आणि ते परत पाठवून जयतीर्थरावांचा दिवस बरा जायचा. आता चुकीचं बोलणारी माणसं फक्त टीव्हीवर भेटत, आणि त्यांना कितीही ओरडून सांगितलं तरी ऐकू जात नसे. गेल्या आठवड्यात एका चर्चेतल्या गृहस्थाला उत्तर देताना ते इतके चढले, की सुमतीबाईंनी आधी टीव्हीचा आवाज कमी केला, मग नवऱ्याचा कमी करायला गेल्या, तो काही होईना, तेव्हा रिक्षा बोलावली.

"बातम्या बंद," डॉक्टर म्हणाले. "रोज तासभर मन रमेल असं काहीतरी करा. मनाचा तोल तुम्ही सांभाळा, बाकीचं गोळी सांभाळेल."

जन्मभर सरकारी हुकूम पाळलेल्या माणसाला सूचना आणि हुकूम यांतला फरक कळत नाही. जयतीर्थरावांनी दुसऱ्याच दिवसापासून करमणूक हे काम हातात घेतलं आणि नियमाप्रमाणे कॉलनीतून प्रस्ताव मागवले. प्रस्तावांना तोटा नव्हता. समोरच्यांनी सकाळचं हास्यमंडळ सुचवलं. जयतीर्थराव एक दिवस गेले, आणि सगळे हसत असताना 'नेमकं कशाला हसायलाव ते तरी कळू द्या' असं त्यांनी विचारल्यामुळे मंडळ त्या दिवशी लवकर सुटलं. कोपऱ्यावरच्या बाईंनी कुंडीत गुलाब लावायला सांगितला. गुलाबाला कळी येईना, तेव्हा जयतीर्थराव त्याच्यावरही चिडले. पुण्याहून मुलीनं, विभानं, फोनवर शब्दकोड्यांचा खेळ घालून दिला. त्यात शब्दाची वेलांटी चुकलेली निघाली. तक्रार कुठं करायची ते शोधण्यात दोन दिवस गेले आणि रक्तदाब पुन्हा रिक्षाच्या पातळीवर आला.

शेवटी शेजारचा सुगत कुंपणावरून म्हणाला, "अण्णा, तुम्ही काही करूच नका. करायला गेलं की तुम्ही हापीस उघडताव. आमच्या कमठाण्याला तळं आहे. तिथं नुसतं जाऊन बसा."

सुगत कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. त्याचं गाव कमठाणा, आणि तिथल्या तळ्याला लागून त्याचं शेत. त्याची आई भागाबाई शहरात राहायला यायला तयार नव्हती म्हणून दर रविवारी तोच गावी जायचा.

"बसून काय करायचं?" जयतीर्थरावांनी विचारलं.

"काहीच न्हाई."

ही कल्पना जयतीर्थरावांना इतकी नवीन होती, की त्यांनी रविवारची वाट न बघता दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण झाल्यावर स्कूटर काढली. सुगतलाही सांगितलं नाही. सुमतीबाईंना म्हणाले, "जाऊन येतो." कुठं, ते म्हणाले नाहीत, कारण तळ्यावर नुसतं बसायला चाललोय हे वाक्य तोंडातून निघेना.

तळं मोठं छान होतं. बांधावर चिंचेची झाडं, पलीकडे तुरीची शेतं, पाण्यावर दोन-चार बदकं आणि माणूस कुणी नाही. जयतीर्थरावांनी बसण्याची जागा पाहिली आणि जागेचा बंदोबस्त केला. पाण्यापाशी जायचं म्हणजे वस्तू भिजणार. म्हणून त्यांनी चपला काढून एकाशेजारी एक नीट ठेवल्या. घड्याळ काढलं. चष्मा काढून डबीत घातला. पाकीट, फोन, स्कूटरची किल्ली, बोटातली पोवळ्याची अंगठी, सगळं चपलांवर रचून वर रुमाल पसरला. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते पाण्याच्या कडेला दगडावर बसले आणि चष्मा नसल्यामुळे धूसर दिसणाऱ्या पाण्याकडे एकटक बघू लागले.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना खरंच बरं वाटत होतं. पाणी चुकीचं काही बोलत नव्हतं.

एवढ्यात मागून कुणीतरी दंड धरला. नुसता धरला नाही, आवळला. वळून बघतात तर कमरेला पदर खोचलेली एक म्हातारी, तिच्यामागं खुरपी घेतलेल्या चार-पाच बाया.

"हळूहळू उठा," म्हातारी म्हणाली. "काय बी बोलू नका. आधी वर चला."

"कामून?"

"आधी वर चला म्हन्ते ना."

"अहो, मी बसलोय."

"बसा की. कोन नको म्हन्लं? पर हिकडं वर बसा, चिंचंखाली. पानी बघू नका."

बाया चपलांकडे, त्यावरच्या अंगठीकडे बघत होत्या. एकीनं तोंडाला पदर लावला. जयतीर्थरावांच्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला, आणि पडला तेव्हा ते गरजलेच, "मी कामून मरू?"

"मरनारे असंच म्हन्तेत," म्हातारी शांतपणे म्हणाली. दंड काही तिनं सोडला नाही.

त्या बाईनं त्यांना शेतातल्या घरी नेलं. चहा दिला, मग ज्वारीची भाकर आणि शेंगाची चटणी दिली, कारण पोटात असलं की माणसाला भलतं सुचत नाही. जयतीर्थराव दुसऱ्याच्या घरचं सहसा घेत नसत. पण नाही म्हटलं की ती बाई आणखी काळजीनं बघायची, म्हणून खाल्लं. चटणी चांगली होती, हे त्यांना नाइलाजानं मान्य करावं लागलं. मग तिनं आपल्या आयुष्यातली दुःखं एकेक करून सांगितली. नवरा कसा लवकर गेला, विहिरीला पाणी कसं लागलं नाही, आणि तरी आपण कशा कुठं उडी मारली नाही. शेवटी विचारलं, "बीदरात कुठं ऱ्हाताव?"

जयतीर्थरावांनी कॉलनीचं नाव सांगितलं.

"माजा ल्योक तिथंच ऱ्हातो," म्हणत तिनं फोन लावला, आणि त्यांच्या देखत बोलली, "सुगत, तुज्या कॉलनीतला एक म्हातारा तळ्यात उडी मारायला आलाय. मी धरून ठिवलाय. तू ये."

जयतीर्थरावांना उडीचं एवढं लागलं नाही, जेवढं म्हाताऱ्याचं लागलं. भागाबाई त्यांच्याहून किमान दहा वर्षांनी मोठी असेल.

सुगत आला, त्यानं आईला समजावलं, अण्णांची माफी मागितली, स्कूटर शेतावरच ठेवून त्यांना गाडीत घेतलं आणि वाटेत हसू दाबताना दोनदा गाडी थांबवली. पण बातमी त्याच्या आधी कॉलनीत पोचली होती, कारण मधल्या वेळात भागाबाईनं सुनेलाही फोन केला होता, आणि सून त्या वेळी किराणा दुकानात होती.

त्या संध्याकाळपासून जयतीर्थरावांच्या घरी माणसं येऊ लागली. येताना केळी आणत. बसत, सुस्कारा टाकत, आणि आयुष्य सुंदर आहे अशा अर्थाचं काहीतरी बोलत. ज्या गृहस्थांशी पाण्याच्या टाकीवरून वर्षभर बोलणं बंद होतं, त्यांनी येऊन टाकीची चूक आपलीच होती असं कबूल केलं. हास्यमंडळानं ठराव करून त्यांना मोफत सभासद करून घेतलं. विभानं पुण्याहून व्हिडिओ कॉल केला आणि फोनमधून डोळे मोठे करून म्हणाली, "अप्पा, तुम्हाला कुणाशी मोकळं बोलायचं असेल तर बोलत जा."

"मी नुसता बसलो होतो."

"हो अप्पा. आम्ही सगळे तुमच्याबरोबर आहोत."

सगळ्यांत वाईट झालं ते सुमतीबाईंचं. येणारी प्रत्येक बाई केळी ठेवायला म्हणून स्वयंपाकघरात जायची आणि हळू आवाजात विचारायची, "घरात काही झालं होतं का हो?" लग्नाला इतकी वर्षं झाली, सुमतीबाईंनी कधी कुणापुढं घरातलं बाहेर काढलं नव्हतं. आता न झालेलंही लोक बाहेर काढत होते. केळी आणणारं शेवटचं माणूस गेल्यावर त्या म्हणाल्या, "माझ्या हातचं काय वाईट लागलं म्हणून तळ्यावर गेलाव?"

"मी बसायला गेलो होतो, सुमती."

"बसायला घरात खुर्ची न्हाई?"

खुर्ची होती. गादीसुद्धा होती तिच्यावर.

दुसरा कुणी असता तर त्यानं तळ्याचं नाव टाकलं असतं. पण जयतीर्थरावांना त्या दगडावर अर्धा तास जे वाटलं होतं, ते काही केल्या विसरता येईना. शिवाय आपलं काही चुकलं नसताना माघार घ्यायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी विचार केला आणि रोगाचं मूळ शोधून काढलं. माणूस रिकाम्या हातानं बसला की लोकांना संशय येतो. तोच हातात काहीतरी धरून बसला, की तो कामात आहे असं समजून लोक वाटेनं निघून जातात. सगळ्या ट्रेझरीचा अनुभव हेच सांगत होता. आणि तळ्याकाठी माणूस हातात काय धरून बसतो? गळ.

आता अडचण उघड होती. जयतीर्थराव माध्व वैष्णव. घरात कांदासुद्धा चातुर्मासात येत नसे. मासा त्यांनी आयुष्यात जवळून पाहिला होता तो फक्त मत्स्यावताराच्या चित्रात. पण कायद्याचा बारकाईनं विचार केला तर पाप काठीत नाही, दोऱ्यातही नाही, पाप आहे ते टोकाच्या आकड्यात. म्हणून त्यांनी बांबूची बारीक काठी आणली, तिला नायलॉनचा दोरा बांधला आणि आकडा लावलाच नाही. दोऱ्याच्या टोकाला कणकेचा गोळा. माशानं यावं, खावं, जावं. माशांना कणीक घालणं हे तर पुण्यकर्मच आहे. कणीक त्यांनी घरातूनच घेतली. सुमतीबाईंनी विचारलं तेव्हा "गाईला" म्हणाले. खोटं बोलण्याची सवय नसल्यामुळे हे सांगताना ते भिंतीकडे बघत होते.

उपाय लागू पडला. भागाबाईनं शेतातून त्यांना काठी घेऊन बसलेलं पाहिलं आणि लांबूनच म्हणाली, "आता कसं मानसावानी दिसायलाव." त्यानंतर तिनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. आठवड्यातून तीन-चारदा जयतीर्थराव जात. चष्मा आता डोळ्यांवर ठेवत. बदकं ओळखीची झाली. वारा आला की पाणी कुठून सुरकुततं ते कळू लागलं. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि दोनदा फुगवून बघितला, कारण उतरलेल्या रक्तदाबावर त्यांचा विश्वास बसेना.

आपण या सुखाचा हिशेब फक्त काठावरून करत होतो, पाण्याखाली काय चाललंय याचा विचारच केला नाही, हे जयतीर्थरावांना पुढं कळलं. कमठाण्याच्या माशांमध्येही बातमी पसरत असावी. गव्हाची, तुपाचं बोट लावलेली कणीक, आणि वर टोचत काही नाही. तळ्यातले असतील नसतील तेवढे मासे जयतीर्थरावांच्या दगडापाशी गोळा होऊ लागले.

तळ्यातल्या माशांचा ठेका त्या वर्षी वीरभद्रप्पाकडे होता. उंचापुरा, कपाळभर भस्म लावणारा माणूस, आणि प्रत्येक बोलण्याआधी 'नोड्री', म्हणजे 'बघा', म्हणायची सवय. धंदा माशांचा असला तरी स्वतः तो माशाला शिवत नसे. पलीकडच्या अंगाला टाकलेली त्याची जाळी रोज रिकामी येऊ लागली तेव्हा तो तळं फिरून बघायला निघाला आणि जयतीर्थरावांच्या मागं येऊन उभा राहिला.

"नोड्री राव, ठेक्याच्या तळ्यात मासे धरायलाव तुम्ही."

"मी मासे धरत न्हाई."

"मग हातात काय?"

जयतीर्थरावांनी दोरा वर काढून दाखवला. वीरभद्रप्पानं तो हातात घेतला, टोक बघितलं, पुन्हा बघितलं.

"आकडा कुठं हाय?"

"न्हाई."

"मासा अडकतो कसा मग?"

"अडकत न्हाई. खातो आन् जातो."

"मग तुम्ही काय करायलाव हिथं?"

"करमणूक," जयतीर्थराव म्हणाले.

वीरभद्रप्पानं दोऱ्याचं टोक तिसऱ्यांदा बघितलं. चोर त्याला समजला असता. चोराशी कसं बोलायचं ते ठरलेलं असतं. पण घरची कणीक आणून दुसऱ्याचे मासे पोसणारा, वर ट्रेझरीतला निवृत्त माणूस, यात नक्कीच काहीतरी खोल आहे अशी त्याची खात्री झाली. हा पुढच्या लिलावाची तयारी करत असणार. मासे आतापासूनच आपल्या बाजूला वळवून घेतोय.

"नोड्री," तो म्हणाला, "मी परेशान माणूस आहे. तुम्ही हापिसातून परवानगी आणा, मग पाहिजे तर माशांना पुरणपोळी घाला."

दुसऱ्या कुणाला हे संकट वाटलं असतं. जयतीर्थरावांना मनातून आनंद झाला. परवानगी काढणं हे त्यांच्या हातचं काम होतं. पांढरा शर्ट घालून, कागदपत्रांच्या दोन-दोन प्रती घेऊन ते मासेखात्याच्या हापिसात गेले. तिथं प्रशांतकुमार नावाचा तरुण कारकून होता. कारकून मोठा सज्जन निघाला, आणि सज्जन कारकुनापुढं माणसाचं काही चालत नाही.

"सर, मासेमारीचा परवाना का?"

"न मारण्याचा."

प्रशांतकुमारनं संगणकावर शोधलं. तसा परवाना नव्हता. मारण्याचाच भरू या, म्हणाला. नाव, गाव, वडिलांचं नाव भरून झालं. "वर्षाला अंदाजे किती किलो धराल?"

"शून्य."

संगणकानं शून्य घेतलं नाही. लाल अक्षरं दाखवली.

"सर, एक किलो टाकतो. नुसतं टाकायला."

"मी आयुष्यात खोट्या आकड्यावर सही केली न्हाई," जयतीर्थराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला. "एक किलो मासे मी धरणार न्हाई म्हणजे न्हाई. अर्धा किलो मासेसुद्धा धरणार न्हाई."

हे शेवटचं वाक्य साऱ्या हापिसानं ऐकलं. दुर्दैवानं त्यातला शेवटचा शब्द बाहेरच्या व्हरांड्यापर्यंत पोचला नाही. त्या इमारतीत वरच्या मजल्यावर आणखी एक हापीस होतं, आणि जिन्यानं त्याच वेळी श्रीहर्षाचार उतरत होते. श्रीहर्षाचार म्हणजे मठातल्या स्वामींच्या पुण्यतिथीचा, आराधनेचा, उत्सव करणाऱ्या समितीचे प्रमुख. त्यांनी मासेखात्याच्या खिडकीशी उभे असलेले जयतीर्थराव पाहिले, 'अर्धा किलो मासे' एवढं ऐकलं, आणि सज्जन माणसासारखे मान खाली घालून निघून गेले.

संध्याकाळी ते घरी आले. चहा नको म्हणाले. पाणीही, नुकतंच प्यालोय, म्हणाले. हवापाण्याचं बोलून झाल्यावर त्यांनी उपरण्याशी खेळत विषय काढला. आराधनेच्या पंक्तीत तूप वाढण्याचा मान कित्येक वर्षं जयतीर्थरावांचा होता. तो कुणी दिलेला नव्हता, पण तुपाची धार पानापानाला सारखी पडावी तर ती त्यांच्याच हातून, असं सगळे मानत. "यंदा जरा नवीन मंडळींना संधी द्यावी म्हणतो," श्रीहर्षाचार म्हणाले. "तुम्हाला आता इतर व्याप झालेत."

"कसले व्याप?"

श्रीहर्षाचारांनी छताकडे पाहिलं. "डॉक्टर सांगतात हो हल्ली. औषध म्हणून. आम्ही समजू शकतो."

जयतीर्थराव उभे राहिले, बोलायला तोंड उघडलं, पण काय सांगणार? की मी मासे धरत नाही, फक्त धरल्यासारखं करतो, कारण तसं केलं नाही तर मी जीव देतोय असं वाटतं? त्यांनी तोंड मिटलं. श्रीहर्षाचार गेले.

दाराआड सुमतीबाई उभ्या होत्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "कणीक कुठं जायली ते आज कळलं."

त्यानंतर दोन दिवस घरात पळीचा आवाज काय तो येत होता. जयतीर्थरावांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. सुमतीबाई ऐकत राहिल्या आणि भाजी निवडत राहिल्या. तिसऱ्या दिवशी प्रशांतकुमारचा फोन आला. साहेबांनी स्थळपाहणी करायला सांगितली होती. आकडा नसलेली काठी हे मासे धरण्याचं साधन आहे की नाही, ते समक्ष पाहून ठरवायचं होतं. फोन ठेवताच सुमतीबाई म्हणाल्या, "मीपण येणार. एवढं काय आहे त्या तळ्यात ते मला बघू द्या."

सुगतच्या गाडीतून सगळे निघाले. सुमतीबाई मागं बसून खिडकीबाहेर बघत होत्या. बांधावर वीरभद्रप्पा हजर होता, प्रशांतकुमार फाइल घेऊन उभा होता, आणि पाहणी आहे म्हटल्यावर भागाबाई चार बाया घेऊन आली होती. ती थेट सुमतीबाईंकडे गेली. त्यांना आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, "अक्का, ह्यांच्याशी घरी बोलायला कोन न्हाई का?"

"बोलतात की. टीव्हीशी."

भागाबाई खुदकन हसली आणि तिनं सुमतीबाईंचा हात धरला. तिथून पुढं त्या दोघी एकमेकींपासून हलल्या नाहीत.

"सर, नेहमी करता तसं करून दाखवा," प्रशांतकुमार म्हणाला.

जयतीर्थरावांनी कणकेचा गोळा दोऱ्याला बांधला. आज कणीक सुमतीबाईंनी स्वतः मळून दिली होती, बोलत नव्हत्या तरी तूप घालायला विसरल्या नव्हत्या. एवढी माणसं बघत असताना काठी सुटून अब्रू जाऊ नये, म्हणून त्यांनी दोऱ्याचे दोन वेढे मनगटाला घेतले. पँट दुमडली, दगडावर उभे राहिले आणि दोरा पाण्यात सोडला.

"बघा," ते म्हणाले, "मासा येईल, खाईल आणि जाईल. माझा त्याच्याशी काही..."

मासा आला. पण हा बाकीच्यांसारखा नव्हता. इतक्या दिवसांच्या खुराकावर वाढलेला, मांजराएवढा, कटला जातीचा असावा. त्यानं गोळा कुरतडला नाही. गोळा, गाठ आणि हातभर दोरा एका दमात गिळला आणि खोल पाण्याकडे वळला. दोरा ताणला. जयतीर्थरावांचा हात पुढं गेला, हातामागं खांदा गेला, दगडावर शेवाळ होतंच. ते एका पायावर उभे राहिले, हवेत दुसऱ्या हातानं काहीतरी धरायला गेले, तिथं काही नव्हतं, आणि जसे उभे होते तसे पाण्यात बसले.

दोरा सटकला. मासा गेला. पाणी कमरेएवढंच होतं, पण शर्ट फुगून वर आला होता आणि चष्मा एका कानाला लोंबत होता. काठावर कुणी हलेना. प्रशांतकुमारनं फाइल छातीशी धरली होती. वीरभद्रप्पाचं 'नोड्री' अर्ध्यावरच राहिलं.

जयतीर्थरावांना आतून ओळखीची उकळी वर येताना जाणवली. कानशिलं तापली. ती कुणावर तरी काढायला हवी होती, म्हणून त्यांनी शोध सुरू केला. वीरभद्रप्पावर? पण त्याचे मासे खरंच आपणच फितवले होते. कारकुनावर? तो बिचारा बूट काढून पाण्यात उतरायच्या तयारीत होता. सुगतवर, की भागाबाईवर? मग एक आवाज ऐकू आला आणि त्यांनी मान वर केली.

सुमतीबाई हसत होत्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत हसायची त्यांची पद्धत जयतीर्थरावांना माहीत होती. हे तसं नव्हतं. पदर खांद्यावरून घसरला होता, तोंड उघडं होतं, भागाबाईच्या खांद्याला धरून त्या वाकल्या होत्या आणि श्वास घ्यायला थांबल्या की नवऱ्याकडे बघून पुन्हा हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येत होतं. भागाबाई म्हणाली, "अक्का, बसा, पडताल," आणि तीही हसत खाली बसली.

इतक्या वर्षांत ही बाई अशी हसते हे आपल्याला माहीतच नव्हतं, असं जयतीर्थरावांच्या मनात आलं. आणि लगेच दुसरं आलं, की गेले महिनाभर लोक तिला स्वयंपाकघरात गाठून काय काय विचारत होते, आणि ती केळी घेऊन 'काही नाही हो' म्हणत होती. त्यांनी चष्मा नीट लावला, पुन्हा बघायला.

"सर, उठा," प्रशांतकुमार म्हणाला. "मला पाहणीचं लिहायचं आहे."

"लिहा की. मी बसलोय," जयतीर्थराव म्हणाले. आणि मग त्यांनाही हसू आलं, आधी नाकातून, मग सगळंच.

प्रशांतकुमारनं उभ्याउभ्या लिहिलं आणि सर्वांसमक्ष वाचून दाखवलं. 'समक्ष पाहणी केली असता सदर गृहस्थ मासे पकडत नसून मासेच सदर गृहस्थांना पकडतात असे आढळून आले. सबब परवान्याची आवश्यकता नाही.' वीरभद्रप्पानं त्याखाली आनंदानं सही केली. लिलावाची भीती त्याच्या मनातून साफ गेली होती. त्यानं स्वतः हात देऊन जयतीर्थरावांना बाहेर काढलं आणि एकच अट घातली. कणीक बंद. बाकी रावांनी कधीही यावं आणि हवं तितकं बसावं. काठीसुद्धा आणायची गरज नाही, पडतील.

आराधनेच्या पंक्तीत त्या वर्षी तूप दुसऱ्यानं वाढलं. धार कुठं जाड, कुठं बारीक पडली. श्रीहर्षाचारांना तोवर सगळी हकिगत कळली होती. त्यांनी ओशाळून पुढच्या वर्षाचं भांडं पुन्हा देऊ केलं. जयतीर्थराव विचारात पडले. आजवर ते शेवटच्या पंक्तीला बसत आले होते, भात गार झालेला असे. या वेळी ते पहिल्या पंक्तीत बसले होते आणि वाफाळत्या भातावर तूप पडताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं. "नव्या मंडळींना शिकू द्या," ते म्हणाले, आणि हे ते रागानं म्हणाले नाहीत याची सुमतीबाईंनी नोंद घेतली.

मग एका रविवारी दुपारी जयतीर्थराव कपडे घालून निघाले, तर सुमतीबाई त्यांच्या आधी दाराशी. नवी चप्पल घातलेली, हातात डबा.

"आज तुम्ही राहा घरी," त्या म्हणाल्या. "दूधवाला उशिरा येणार आहे. भागाबाई वाट बघायल्यात. आम्ही तळ्यावर बसणार आहोत."

"बसून काय करणार?"

"ते तुम्हाला कामून?" म्हणत त्या सुगतच्या गाडीत बसून गेल्या.

घरात जयतीर्थराव एकटे उरले. दूध आलं. त्यांनी ते पातेल्यात ओतलं, शेगडी पेटवली आणि लक्ष राहावं म्हणून ओट्यापुढं खुर्ची ओढून बसले. दूध आधी काहीच करत नव्हतं. मग कडेला बारीक बुडबुडे धरले. वर पातळ पापुद्रा आला, त्याला मधोमध सुरकुती पडली, ती हळूच एका बाजूला सरकली. खालून काहीतरी ढकलल्यासारखा पापुद्रा फुगला, खाली बसला, पुन्हा फुगला. जयतीर्थराव पुढं वाकले. साय आता सगळीकडून वर चढत होती, एका बाजूनं जरा जास्त, जशी काही तिला कुणीतरी बोलावत होतं.

सुमतीबाई दिवेलागणीला परतल्या. ओटा पुसलेला होता, पण शेगडीच्या फटीत साय करपली होती.

"दूध उतू गेलं?"

"गेलं."

"मग तुम्ही कुठं होताव?"

"इथंच, खुर्चीवर," जयतीर्थराव म्हणाले. "बघत बसलो होतो."

सुमतीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पातेल्याकडे. पिशवी खाली ठेवून त्या दुसरी खुर्ची ओढत म्हणाल्या, "अर्धं उरलंय. पुन्हा ठेवा बरं."